पत्ता नसलेल्या नभोवाणीची निवेदिका

नगरचा भुईकोट किल्ला इतिहासात अनेकदा तोफांच्या आवाजाने गाजला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मात्र तो गाजला तो मौनामुळे. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या महासमितीने ब्रिटिशांनी देश सोडावा असा ठराव संमत केला आणि ९ तारखेचा दिवस उजाडण्यापूर्वीच देशाचे अग्रणी पुढारी पोलिसांच्या ताब्यात गेले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृतींना नगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. राहुरी, कोल्हार, राहाता, कोपरगाव या नगर-मनमाड रस्त्यावरील गावांतील माणसे वस्तुतः या बंदिवानांची जवळची शेजारी. परंतु किल्ल्यात काय चालले आहे याची एक ओळही त्यांना वृत्तपत्रातून वाचावयास मिळण्याची सोय नव्हती. चळवळीच्या बातम्या सरकारमान्य सूत्रांखेरीज छापू नयेत असा निर्बंध आला होता. गांधीजींचे 'हरिजन' बंद पडले, कित्येक पत्रांनी प्रकाशन थांबविले, आणि जी चालू राहिली त्यांना काय गाळावे हे काय छापावे यापेक्षा अधिक काळजीपूर्वक ठरवावे लागत होते.

सत्तेला तुरुंगात माणसे कोंडता येतात, हे सर्वांनाच ठाऊक असते. बातमीही कोंडता येते, हे सामान्य माणसाला बहुधा उशिरा कळते. एका गावात गोळीबार होतो, शेजारच्या जिल्ह्याला त्याचा पत्ता नसतो. एका शहरात कामगार संपावर जातात, दुसऱ्या शहरातील कामगार आपण एकटेच आहोत असे समजून कामावर जातात. लोकांना एकमेकांची वार्ता मिळेनाशी झाली की चळवळ लाठीवाचूनही मोडते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये हे ज्या थोड्या लोकांच्या ध्यानी आले, त्यांत मुंबईची एक बावीस वर्षांची विद्यार्थिनी होती. तिचे नाव उषा मेहता.

उषाबेन यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी गुजरातेत, सुरतेजवळच्या सरस या खेड्यात झाला. वडील हरिप्रसाद मेहता हे ब्रिटिश अमदानीतील न्यायाधीश. घरात सरकारी नोकरी आणि बाहेर गांधीयुग, अशा दोन प्रवाहांच्या मध्ये या मुलीचे बालपण गेले. लहानपणीच तिने साबरमतीच्या आश्रमात गांधीजींना पाहिले. १९२८ साली सायमन कमिशनविरुद्ध देशभर निदर्शने झाली, तेव्हा आठ वर्षांची उषा मुलांच्या मिरवणुकीत होती. वडिलांना हे रुचण्यासारखे नव्हते; त्यांच्या पदालाही ते शोभणारे नव्हते. १९३० मध्ये ते निवृत्त झाले, १९३२ मध्ये कुटुंब मुंबईस आले, आणि सरकारी नोकरीचे बंधन सुटताच मुलीचा मार्गही काहीसा मोकळा झाला. पत्रके वाटणे, निरोप पोहोचविणे, तुरुंगातील सत्याग्रहींच्या नातेवाइकांपर्यंत खुशाली नेणे अशी लहान कामे ती करू लागली. निरोप बिनचूक पोहोचविणे ही पुढे तिच्या आयुष्याची मोठी कामगिरी ठरणार होती, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार?

विल्सन महाविद्यालयातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि पुढे कायद्याच्या अभ्यासाकडे वळल्या. बेचाळीसचा ऑगस्ट आला तेव्हा पुस्तके बाजूला ठेवावी लागली. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात एक विचार पक्का झाला होता. छापखाना पोलिसांना सापडतो, पत्रक वाटणारा हात पकडला जातो. परंतु हवेतून जाणाऱ्या आवाजाला वाटेत अडविणे तितके सोपे नाही. युरोपात त्या वेळी महायुद्ध पेटले होते आणि जर्मनीने व्यापलेल्या देशांतील माणसे दारे-खिडक्या लावून लंडनच्या बातम्या ऐकत होती. सुभाषबाबूंचा आवाज त्याच वर्षी बर्लिनहून हिंदुस्थानात ऐकू येऊ लागला होता. मग देशाच्या आतूनच देशाचा आवाज का निघू नये, असा हा सरळ प्रश्न होता.

प्रश्न सरळ असला तरी उत्तर अवघड होते. महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने सरकारने रद्द केले होते आणि त्यांची यंत्रे जमा करून घेतली होती. प्रक्षेपण यंत्र बाळगणे हाच गुन्हा होता. त्यासाठी पैसा हवा, सुटे भाग हवेत, तंत्र जाणणारा माणूस हवा आणि या सर्वांपेक्षा अधिक म्हणजे विश्वासू जागा हवी. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे तरुण उषाबेनच्या बरोबर उभे राहिले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवाने यांच्याकडून साहित्याची मदत झाली. भूमिगत पुढाऱ्यांपैकी डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांनी या उपक्रमाला राजकीय दिशा दिली. हे अच्युतराव नगरचेच. ज्या गावच्या किल्ल्यात राष्ट्राचे पुढारी मुके करून ठेवले होते, त्याच गावचा एक सुपुत्र मुंबईत भूमिगत राहून त्यांच्या वतीने बोलण्याची व्यवस्था पाहत होता, हा योगायोग नगरकरांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी चौपाटीवरील सी व्ह्यू या इमारतीतून काँग्रेस रेडिओचे पहिले प्रक्षेपण झाले. ४२.३४ मीटर ही त्याची लघुलहरी. हे केंद्र हिंदुस्थानात कोठेतरी आहे, एवढाच पत्ता श्रोत्यांना सांगितला जाई, आणि तो सांगणारा आवाज बहुधा उषाबेनचा असे. कार्यक्रम हिंदुस्थानीत आणि इंग्रजीत होत. इंग्रजी निवेदनात कूमी दस्तूर यांचा वाटा होता. आरंभी 'हिंदुस्ताँ हमारा' या गीताची ध्वनिमुद्रिका, मग बातम्या, मग एखादे भाषण आणि शेवटी वंदे मातरम् असा क्रम असे. ध्वनिमुद्रणाची जागा निराळी आणि प्रक्षेपणाची निराळी, अशी योजना पुढे करण्यात आली. प्रक्षेपणाची जागाही कायम नसे. चौपाटीवरून लॅबर्नम रोड, तेथून सँडहर्स्ट रोड, गिरगाव, वाळकेश्वर, महालक्ष्मी असा या केंद्राचा संसार पाठीवर घेऊन प्रवास चालू होता. आवाजाचा माग काढणारी यंत्रे घेऊन पोलिसांच्या गाड्या शहरात फिरत होत्या, आणि सरकारी प्रक्षेपणाचा गोंगाट त्या लहरीवर सोडून तो आवाज बुडविण्याचे प्रयत्नही होत होते.

या केंद्राने काय केले, याचा विचार करताना त्याच्या साहसाइतकेच त्याच्या बातम्यांकडे लक्ष दिले पाहिजे. निरनिराळ्या प्रांतांतून निरोपे येत, मुंबईतील काँग्रेसच्या गुप्त कार्यालयात वार्ता गोळा होत आणि तेथून त्या प्रक्षेपणापर्यंत पोहोचत. चितगाववरील जपानी बाँबहल्ला, जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यातील कामगारांचा संप, संयुक्त प्रांतातील बलिया जिल्ह्यात लोकांनी काही दिवस चालविलेला कारभार, या घटना वृत्तपत्रांत एक तर येत नव्हत्या किंवा सरकारी भाषेत येत होत्या. काँग्रेस रेडिओवरून त्या लोकांपर्यंत गेल्या. महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वार्ता विदर्भातील होती. वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे १६ ऑगस्टला लोकांचा उद्रेक झाला, गोळीबार झाला, पोलीस व अधिकारी मारले गेले, आणि नंतर चिमूरला लष्कर आणून जे करण्यात आले त्यात तेथील स्त्रियांची विटंबनाही झाली. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांना पुढे त्रेसष्ट दिवसांचे उपोषण करावे लागले, यावरून सत्य बाहेर येण्याची वाट किती अडविलेली होती हे दिसते. चिमूरच्या एका खेडवळ बाईवरील अत्याचाराची बातमी मुंबईच्या एका खोलीतून एक तरुणी उच्चारते आणि दूरच्या गावी कोणीतरी दिवा मंद करून ती ऐकतो, या गोष्टीत केवळ राजकारण नव्हते. जिच्याकडे कोणी पाहणार नाही असे सत्तेने ठरविले होते तिची दखल घेतली गेली, असा त्याचा अर्थ होता.

या प्रक्षेपणाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. यंत्राची शक्ती बेताची, रेडिओ संच असलेली घरे थोडी, खेड्यांत तर विजेचाही पत्ता नाही. प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांपेक्षा ऐकलेले ऐकणारेच पुष्कळ असले पाहिजेत. शिवाय हे केंद्र वार्ता देई तशीच चेतावणीही देई. लोकांनी काय करावे हे सांगे. युद्धकाळात बातमी आणि प्रचार यांच्यातील रेषा पुसट होते, ती येथेही सर्वत्र स्पष्ट होती असा दावा करणे धाडसाचे ठरेल. परंतु एक भेद विसरता कामा नये. सरकारी नभोवाणीला चुकीची बातमी दिल्याबद्दल कोणी पकडणार नव्हते. या मंडळींना खरी बातमी दिल्याबद्दल तुरुंगात जावे लागणार होते. ज्याला आपल्या प्रत्येक शब्दाची किंमत स्वतः मोजावयाची असते, तो शब्द निराळ्या जबाबदारीने उच्चारतो.

इतिहासाची एक गंमतही येथे नोंदवावीशी वाटते. या केंद्राचे सर्वांत नियमित श्रोते पोलीस खात्यातच होते. त्यांची माणसे प्रक्षेपण ऐकून त्याची टाचणे करीत, खटल्यासाठी पुरावा जमवीत. उषाबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्वतःचे कागद जपून ठेवणे शक्यच नव्हते. आज काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले हे अभ्यासकांना वाचावयास मिळते, ते बव्हंशी या सरकारी टाचणांमुळे. जो आवाज पुसावयाचा होता तोच सरकारी दप्तराने जतन करून ठेवला.

हा उपक्रम सुमारे अकरा आठवडे चालला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो संपला. केंद्राच्या यंत्राची आतली माहिती असलेला एक तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने जागा दाखवून दिली. त्या दिवशी सहकाऱ्याच्या कचेरीवर धाड पडल्याचे उषाबेनना कळले होते. त्या वेळी घरी निघून जाणे शक्य होते. त्या महालक्ष्मीजवळच्या पॅरेडाइज बंगल्यात गेल्या आणि ठरल्या वेळी कार्यक्रम सुरू केला. वंदे मातरम् ची ध्वनिमुद्रिका चालू असताना पोलीस दारे फोडून आत आले. गीत थांबविण्याचा हुकूम झाला. उषाबेननी तो मानला नाही. यंत्रसामग्री आणि ध्वनिफिती, छायाचित्रे यांनी भरलेल्या २२ पेट्या पोलिसांनी जप्त केल्या.

त्यानंतरचा काळ हा या चरित्रातील सर्वांत कठीण आणि सर्वांत उज्ज्वल भाग आहे. कित्येक महिने गुन्हे अन्वेषण खात्याकडून त्यांची चौकशी चालली. एकांतवास झाला. सहकाऱ्यांची माहिती दिल्यास परदेशी शिक्षणाची सोय करून देऊ, असे आमिष दाखविण्यात आले. सतत बोलण्यासाठी जिने जीव धोक्यात घातला होता, तिने आता मुळीच न बोलण्याचे ठरविले. खटल्यातही त्यांनी प्रश्नांना उत्तरे दिली नाहीत. कोणता शब्द जगापुढे मांडावयाचा आणि कोणता प्राणापलीकडे जपावयाचा, याचा विवेक ज्याला असतो तोच खरा वार्ताहर. या अर्थाने त्यांचे मौन हे त्यांच्या निवेदनाचेच दुसरे अंग होते. १९४३ मध्ये खटल्याचा निकाल लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची आणि उषाबेनना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. मोटवाने निर्दोष सुटले. येरवड्याच्या तुरुंगात उषाबेनची प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणण्यात आले. तेथेही खाटेभोवती पोलिसांचा पहारा असे. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली.

एक प्रश्न त्यांच्यापुढे आयुष्यभर उभा राहिला असेल. गांधीजींना गुप्तता मान्य नव्हती. सत्याग्रही आपले काम उघडपणे करतो आणि शिक्षा उघडपणे स्वीकारतो, अशी त्यांची शिकवण. १९४४ च्या मे महिन्यात सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. अरुणा असफअली आणि अच्युतराव यांनी तो लगेच मानला नाही. उषाबेन या गांधींच्या निष्ठावंत अनुयायी. मग नाव लपवून, जागा बदलत चालविलेली नभोवाणी त्यांच्या व्रतात कशी बसावी? याचे उत्तर शब्दांत शोधण्यापेक्षा त्यांच्या वर्तनात शोधावे. त्यांनी जागा लपविली, बातमी लपविली नाही. शेवटच्या दिवशी पळून जाण्याची संधी सोडून दिली आणि पकडले गेल्यावर शिक्षा कमी व्हावी म्हणून एक पाऊलही मागे घेतले नाही. गुप्ततेचा आश्रय त्यांनी काम चालावे म्हणून घेतला होता. स्वतःला वाचविण्यासाठी नव्हे. हा भेद गांधीजींना पूर्णपणे पटला असता की नाही यावर वाद होऊ शकेल. परंतु तो भेद आहे, आणि नैतिकदृष्ट्या तो क्षुल्लक नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा उषाबेन आजारपणामुळे समारंभात भाग घेऊ शकल्या नाहीत. पुढे अनेक सहकारी विधिमंडळांत गेले, मंत्री झाले. उषाबेनजवळ तुरुंगवासाची पुण्याई होती आणि त्या काळी ती सत्तेच्या दारावर चालणारे नाणे होते. त्यांनी ते वटविले नाही. अर्धवट राहिलेल्या अभ्यासाकडे त्या परतल्या, गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारावर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि विल्सन महाविद्यालयात शिकवू लागल्या. सुमारे तीस वर्षे त्यांनी अध्यापन केले. मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या. लॅबर्नम रोडवरील एका घरातून त्यांनी एके काळी चोरून प्रक्षेपण केले होते. त्याच रस्त्यावरील मणिभवनाच्या गांधी स्मारकाचे काम पुढे त्यांनी उघडपणे आणि अखेरपर्यंत केले. खादी आणि साधी राहणी सुटली नाही. १९९८ मध्ये भारत सरकारने पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. दर वर्षी ऑगस्ट क्रांती मैदानावर जाण्याचा त्यांचा नेम होता. २००० च्या ९ ऑगस्टलाही अंगात ताप असताना त्या तेथे गेल्या, आणि ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.

शिक्षकी पेशातील कोणालाही या दुसऱ्या पर्वाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. अकरा आठवड्यांचे शौर्य अनेकांना साधते. त्यानंतरची तीस वर्षे रोज वेळेवर वर्गात जाऊन लोकशाही म्हणजे काय हे समजावीत राहणे फार थोड्यांना साधते. किंबहुना दोन्ही कामे एकच होती. लोकांना माहिती मिळाली तरच ते नागरिक होतात, नाहीतर ते प्रजाच राहतात, ही जी खूणगाठ बेचाळीसमध्ये बांधली गेली, तीच त्यांनी फळ्यासमोर उभे राहून पुढल्या पिढ्यांना दिली.

स्वराज्य आल्यानंतर नभोवाणी लोकांची झाली, असे आपण मानले. तिचा प्रसार निःसंशय झाला. १९५३ च्या २ ऑक्टोबरला पुणे केंद्र सुरू झाले, आणि पुढे मराठी प्रादेशिक बातम्या गावोगावी घड्याळाप्रमाणे ऐकल्या जाऊ लागल्या. पावसाचे मान, धरणातील पाणी, बाजारभाव, परीक्षांचे निकाल, जिल्ह्याजिल्ह्यांतील घडामोडी या सर्व गोष्टी खेड्यातील माणसाला आपल्या भाषेत कळू लागल्या, ही लहान क्रांती नव्हती. तथापि यंत्रणा सरकारचीच राहिली. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली आणि आकाशवाणीवरून सत्तेला मान्य तेवढेच ऐकू येऊ लागले, तेव्हा बेचाळीस सालचा अनुभव असलेल्या पिढीला त्या मौनाची ओळख पटली असेल. प्रसारभारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि तो अंमलात यावयास १९९७ साल उजाडले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तरीही आपल्या परिसराच्या बातम्या स्वतः देण्याची मोकळीक सरकारबाहेरच्या नभोवाणी केंद्रांना दीर्घकाळ मिळाली नाही.

आज माणसाच्या खिशात जगभरच्या वार्ता येऊन पडतात. बेचाळीसमध्ये बातमी मिळत नव्हती म्हणून लोक अंधारात होते. आज इतक्या बातम्या मिळतात की त्यांतील खरी कोणती हे न कळल्यामुळे पुन्हा अंधार पडू शकतो. मधल्या काळात आवाज पोहोचविण्याचे साधन फुकट झाले, परंतु त्या आवाजाची जबाबदारी घेण्याची किंमत मात्र कोणालाच मोजावीशी वाटत नाही. उषाबेनच्या केंद्राला पत्ता नव्हता, पण त्याच्या मागे उभे राहणारे माणूस होते. वेळ आली तेव्हा ते माणूस दार फुटेपर्यंत जागेवर थांबले. ज्या वार्तेमागे असे थांबणारे कोणी नाही, तिला कितीही मोठा पत्ता असला तरी ती निनावीच समजली पाहिजे. बातमी ऐकताना आणि विशेषतः ती पुढे सांगताना एवढी कसोटी जरी सुशिक्षितांनी लावली, तरी चौपाटीवरच्या त्या खोलीचे ऋण थोडेफार फिटेल.